गारपगाऱ्याची जीप

शालिकरामचा धंदा काय, असं परमुलखातल्या माणसानं विचारलं की उत्तर दोनदा द्यावं लागे. पहिल्यांदा ऐकून तो माणूस हसे आणि दुसऱ्यांदा ऐकून गप्प बसे. शालिकराम गार थांबवत असे.

रामपायलीच्या आसपासच्या खेड्यांत धान निघालं की बांध्यांमध्ये, भाताच्या रिकाम्या वाफ्यांत, जवस, लाखोरी, हरभरा उभा राहतो. फागुन लागेपर्यंत सगळं पिवळं होऊ लागतं, आंबे मोहरतात, आणि नेमका तेव्हाच पश्चिमेकडून काळा ढग येतो. तासाभरात वर्षाची मेहनत मातीत. अशा वेळी गावचा गारपगारी अंगाला राख फासून, हातात त्रिशूळ घेऊन, अनवाणी शिवेवर उभा राहायचा आणि ढगाला आण घालायचा. बापजाद्यांपासून चालत आलेलं काम. गार टळली तर वर्षाचं धान मिळायचं, पडली तर शिव्या. हसणाऱ्यांनी आधी एवढंच सांगावं, की असा ढग आला म्हणजे ते स्वतः काय करतात. खाटेखाली शिरतात. निदान शालिकराम तरी बाहेर उभा राहत होता.

या कामाचे दोन नियम होते. पहिला असा, की गार माघारी पाठवता येत नाही, कुठेतरी टाकावीच लागते. आणि दुसरा, आण घातलेला ढग गारपगाऱ्याच्या मागे मागे येतो. गारपगारी चालतो तोवर ढग चालतो, तो थांबला की ढग थांबतो आणि असेल तिथे रिकामा होतो. आता गार टाकायची कुठे? जंगलात टाकावी तर जंगल पंधरा कोस दूर. दुसऱ्याच्या शेतात टाकली तर डोकं फुटायचं. म्हणून शालिकरामचा बाप आपल्या घराकडे चालत यायचा, आजाही तेच करायचा, आणि शालिकरामही दरसाल गार आपल्या घरावर आणून टाकत होता. गावात बाकी कुणाच्या छपराचे कवेलू फुटोत न फुटोत, गारपगाऱ्याचे फुटायचेच. त्याची बायको रुख्माबाई लग्न होऊन आली त्या सालापासून चैतात छप्पर शाकारत होती.

"अजी, लोकायचे नवरे बाहेरून घरी काही चांगलं आणतात," ती म्हणायची. शालिकराम शिडी धरून उभा राहायचा.

जीप आली ती डोमाजी पाटलांमुळे. मालगुजारी जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती, पण डोमाजींची मिशी अजून मालगुजारच होती. त्यांनी जबलपूरला मिल्ट्रीच्या लिलावात एक जीप घेतली. टप नाही, स्टिअरिंगचं चक्र डाव्या हाताला, दोन दिव्यांपैकी एक फुटका. घेतली खरी, पण तिच्यात बसून जायचं कुठे हे त्यांनी ठरवलं नव्हतं. वसुलीला जायचे दिवस गेले होते. मग एका फागुनात, आपल्या दोन गावांत एकाच दुपारी गार पडलेली पाहून, त्यांना साक्षात्कार झाला.

"शालिकराम," ते म्हणाले, "तू पायी किती गावं करशील? दोन? जीपमदी बस, अकरा कर. माझी जमीन अकरा गावात हाय."

गाडी चालवायला तेजराम होता. हा मिल्ट्रीत ड्रायव्हर होता, आसामात चिखलातून ट्रक काढलेला माणूस. छप्पन साली नागपूरला जाऊन बुद्धाची दीक्षा घेऊन आला, तेव्हापासून त्याचा गारपगारीवर विश्वास नव्हता. पण जीपवर होता. पाटलांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ढगाच्या मागं जा म्हणाल तर जाईन, पुढं जा म्हणाल तर जाईन. फक्त मले राख लावू नोका."

सगळं ठरल्यावर पारावरच्या म्हाताऱ्यांनी खोडा घातला. गारपगाऱ्याचे पाय गावच्या मातीत पाहिजेत, आणि जीपमध्ये तर पत्रा! दोन दिवस वाद झाला. शेवटी जीपच्या मागच्या भागात एक लाकडी खोका ठोकायचा, त्यात अकरा गावांची माती भरायची आणि शालिकरामनं त्यात उभं राहायचं, असं ठरलं. अकरा गावांतून अकरा टोपल्या आल्या. मग वर कोणाची माती आणि खाली कोणाची, यावरून जुंपली. खालच्या गावाची माती ढगाला दिसणारच नाही, असं एका सरपंचाचं म्हणणं पडलं. तेजरामनं तासभर ऐकून घेतलं, मग फावडं उचललं आणि सगळी माती खालवर करून टाकली.

"झालं एक गाव," तो म्हणाला. त्याच्या नावानं पुष्कळ बोंब झाली, पण माती वेगळी कोण करणार?

पहिल्या साली तीनदा ढग आले आणि तिन्ही वेळा जीप ढगापुढे धावली. दोनदा नुसता पाऊस पडला, एकदा ढग विरून गेला. झालं! शालिकरामचं नाव वारासिवनीच्या बाजारापर्यंत पोचलं. ढग त्याच्या मागे वासरासारखा येतो, असं लोक सांगू लागले. ज्यांनी पाहिलं नव्हतं ते अधिक ठासून सांगत. शालिकरामही जरा ताठ चालू लागला. माणूसच तो. आयुष्यभर शिव्या खाल्लेल्याला कुणी दोन वेळा "या, बसा" म्हटलं तर त्याची मान वर होणारच.

दुसऱ्या साली त्याच्या मुलीचं, शीलाचं, जमत आलं. मुलगा बालाघाटच्या पलीकडच्या, डोंगराच्या पायथ्याच्या पिपरझरी गावचा. त्याचा बाप खेमराज हाही जातीचा गारपगारी, पिपरझरीची शीव सांभाळणारा. शालिकराम आणि खेमराज एकदाच एका जत्रेत भेटले होते, पण बोलणी मध्यस्थाकडून सगळी झाली होती. शीलानं मुलाला त्याच जत्रेत पाहिलं होतं. मध्यस्थानं तिच्यापुढे आणखी एक स्थळ ठेवलं तर ती म्हणाली, "मले तोच पाह्यजे, नाही तर नोको." मुलगी कधी काही मागत नसे, म्हणून शालिकरामनं ते फार मनावर घेतलं. आता गुरुवारी खेमराजची माणसं येणार होती आणि सुपारी फुटणार होती. रुख्माबाईनं उसनवारी करून नवे कवेलू बसवले, भिंती पोतारल्या, अंगण सारवलं.

आणि मंगळवारी दुपारी पश्चिमेला ढग उठला.

ढग पाहून रुख्माबाई शेणाचे हात तसेच घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. "अजी, ऐका. इतली वर्षं मी काही बोलली नाही." हे काही खरं नव्हतं. "पण आज जर का घरावर आणली, तर परवा पाहुणे फुटक्या छपराखाली बसतीन. पोरीचं मोडलं तर मी तुमचं तोंड पाहणार नाही. आता तुमच्यापाशी मोटर हाय ना? मग जंगलात नेऊन टाका."

शालिकरामनं जीपकडे पाहिलं. बापाजवळ जीप नव्हती, आजाजवळ नव्हती. आपल्याजवळ आहे. बालाघाटच्या पुढे परसवाड्याकडे जाताना घाट लागतो, घाटात नुसतं जंगल. तिथवर जर ढग नेला, तर ना कुणाचं शेत, ना कुणाचं छप्पर. इतका सोपा उपाय तीन पिढ्यांत कुणाला सुचला नव्हता, आणि सुचला तो बायकोला. तो राख फासून खोक्यात चढला, त्रिशूळ उगारून त्यानं ढगाला आण घातली आणि ओरडला, "तेजराम, चाल! आता जंगल आल्याबिगर थांबायचं नाही!"

अकरा गावांची हद्द संपेपर्यंत सगळं ठीक चाललं. लोक सडकेच्या कडेला उभे राहून हात जोडत होते. बाराव्या गावापासून रंग बदलला. ती गावं शालिकरामची नव्हती. तिथल्या लोकांना दिसलं ते एवढंच, की रामपायलीकडचा तो नामांकित गारपगारी जीपमध्ये उभा आहे, आणि त्याच्या मागे अख्खं काळं आभाळ आहे.

"आमच्याकडे काहून आणून राह्यला बे!" पहिली शिवी आली. मग ढेकळं आली. एक म्हातारी तर झाडू घेऊन जीपमागे धावली.

"नेऊन राह्यलो!" शालिकराम ओरडत होता. "तुमच्याकडे नाही आणली! पुढं नेऊन राह्यलो!"

पुढच्या गावात ही बातमी सायकलवरून आधीच पोचली होती. त्यांनी सडकेवर तीन बैलबंड्या आडव्या लावल्या होत्या आणि मागे लाठ्या घेऊन सगळं गाव उभं होतं. थांबणं तर शक्य नव्हतं. थांबलं की गार तिथेच पडणार आणि त्यानंतर लाठ्या. तेजरामनं बंड्यांकडे पाहिलं, शेजारच्या रिकाम्या बांधीकडे पाहिलं, खाली वाकून चारी चाकांना जोर देणारी दुसरी दांडी ओढली आणि जीप सडकेवरून खाली घातली. धानाच्या बांध्या म्हणजे दर वीस पावलांवर एक धुरा, मातीचा उंच बांध. जीप धुऱ्यावर चढली की शालिकरामला नुसता ढग दिसे आणि उतरली की नुसती तेजरामची टाळू. खोक्यातली अकरा गावांची माती उडून दोघांच्या कानांत, नाकांत गेली. तेजराम मात्र खुशीत होता. आसामानंतर असं चालवायला त्याला मिळालंच नव्हतं.

पुन्हा सडकेवर आल्यावर तो म्हणाला, "शालिकभाऊ, एक विचारू? हवा पश्चिमेची. सडक पूर्वेले जाते. ढग आपल्या मागं नाही येणार तर कोठी जाईन?"

"तू गाडी पाह्य," शालिकराम म्हणाला.

वारासिवनी गेलं. वैनगंगेचा पूल गेला. बालाघाटात शिरले तर छोट्या लाईनचं रेल्वे फाटक बंद. गोंदियाची गाडी यायची होती, आणि ती गाडी कधी कुणासाठी घाई करत नसे. मागे ढग गडगडत होता, वाऱ्यानं दुकानांची तरटं उडत होती. शालिकरामनं त्रिशूळाचा दांडा पत्र्यावर आपटला.

"थांबू नोको!"

"फाटकावरून उडवू का?"

"घुमव! थांबू नोको, घुमव!"

मग तेजरामनं फाटकासमोरच्या मोकळ्या जागेत जीप गोल गोल फिरवायला सुरुवात केली. राख फासलेला एक माणूस त्रिशूळ धरून मागे उभा, आणि जीप गाण्याच्या तव्यासारखी फिरते आहे. सायकलवाले, टांगेवाले, कचेरीतले बाबू, सगळे येणारा पाऊस विसरून पाहत राहिले. फाटकवाला कोठडीतून बाहेर आला.

"अरे भाई, ये क्या कर रहे हो?"

"फाटक खोलो!" शालिकराम त्याच्यासमोरून जाताना ओरडला.

"गाड़ी आ रही है!"

"ढग भी आ रहा है!" दुसऱ्या फेरीत त्यानं उत्तर दिलं.

पंधरा फेऱ्या झाल्यावर गाडी आली. एकविसाव्या फेरीला फाटक उघडलं आणि जीप चक्कर आल्यासारखी थोडी तिरपी होत पलीकडे गेली. त्या एकवीस फेऱ्यांत जळलेल्या पेट्रोलचा विचार दोघांपैकी कुणीच केला नाही. जीपचा काटा लिलावाच्या आधीपासूनच मोडलेला होता.

डोंगर समोर दिसू लागला. साग-बांबूचं जंगल जेमतेम कोसभर राहिलं. शालिकरामनं मनातल्या मनात शीलाच्या मांडवाला आंब्याची तोरणं बांधायला घेतली, आणि तेवढ्यात जीप दोनदा खोकली आणि उभी राहिली. तेजरामनं टाकीत काडी घालून बाहेर काढली. काडी कोरडी होती.

"कोणतं गाव हाय हे?" शालिकरामनं विचारलं, पण उत्तराची गरज पडली नाही. समोर शिवेच्या दगडापाशी, अंगाला राख फासून, त्रिशूळ उगारून, अनवाणी, खेमराज उभा होता.



"तुमी?" खेमराज म्हणाला.

"हौ. मी."

खेमराजनं त्याच्या डोक्यावरून मागे पाहिलं. "हा तुमचा हाय?"

"आमच्याकडचाच," शालिकराम म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"परवा आमी येऊनच राह्यलो होतो ना जी! इतली काय घाई होती?"

शालिकराम खोक्यातून उतरून त्याच्या शेजारी उभा राहू लागला तर खेमराजनं त्याला कोपरानं बाजूला केलं. ही त्याची शीव होती आणि दुसऱ्या गावच्या माणसानं तिथे त्रिशूळ उगारायचा नसतो. होणारे व्याही असे एकमेकांना ढकलत असतानाच पहिली गार तेजरामच्या जीपच्या नाकावर वाजली. मग तिघंही जीपखाली शिरले.

गार फार वेळ पडली नाही. हरभऱ्याएवढी, थोडी बोराएवढी. पण गार ती गारच. बाहेर आले तेव्हा सडक पांढरी झाली होती, आणि त्या पांढऱ्या सडकेवरून सगळं पिपरझरी चालत येत होतं. खेमराजचं घर शिवेला लागूनच, तेव्हा त्याचं छप्पर गेलं होतंच. गावाची लाखोरी झोपली होती. पुढे सुखराम महाजन होता, गावचा सरपंच.

"काहून रे खेमराज," तो म्हणाला, "कोणत्या कामाचं धान घेतो तू? तुझा इवाई इकडून गार आणते आणि तू तिकडून 'या, बसा' म्हणते?"

"माझा नाही तो इवाई!" खेमराज ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. "कोठी फुटली सुपारी? कोणी पाह्यली? मोडलं! आत्ताच मोडलं!"

 मले तोच पाह्यजे, असं म्हणणारी पोरगी शालिकरामच्या डोळ्यांपुढे आली. त्याला एवढंच कळलं, की आपलं नाव जितकं मोठं, तितका खेमराज या लोकांपुढे लहान. आणि लहान झालेला माणूस आपल्याला लहान करणाऱ्याच्या घरची सून आणत नाही. गेल्या दोन वर्षांत जे काही मिळालं होतं, ती ताठ मान, तो बाजारातला मान, ते सगळं एका बाजूला होतं, आणि दुसऱ्या बाजूला शीला.

"महाजन," तो म्हणाला, "मी गार आणली नाही."

"अरे, सगळ्या मुलकानं पाह्यलं! ढग तुझ्या मागं..."

"मागं होता. मी पळून राह्यलो होतो."



"आमच्याकडं अंड्याएवढी पडणार होती. माझ्यानं झालं नाही. मी भेलो आणि जीपमदी बसून पळालो. बारा-पंधरा गावं पळालो. बालाघाटात फाटक बंद होतं तर तिथंही एकवीस फेऱ्या गोल गोल पळालो, विचारा कोणालेही. तो काही माझ्यानं थांबला नाही. थांबला तो इथं." त्यानं खेमराजकडे बोट केलं. "हा माणूस पाय रोवून उभा होता. अंड्याची हरभरा त्यानं केली. मी आजवर असा गारपगारी पाह्यला नाही."

सुखराम महाजनानं तेजरामकडे पाहिलं. मिल्ट्रीतला माणूस, त्यात बौद्ध, गारपगाऱ्यांचं कौतुक त्याला असायचं काही कारण नव्हतं. "तू सांग. खरं काय?"

तेजराम कधी खोटं बोलत नसे आणि आता बोलावं लागतं की काय म्हणून त्याला घाम फुटला होता.  "मी एवढंच सांगतो," तो म्हणाला. "जीपमदी बसल्यापासून हा माणूस सारखा कापत होता." त्या जीपमध्ये बसलं की जो तो कापतो, हे त्यानं सांगितलं नाही. ते त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

मागून कुणीतरी हसलं. मग सगळे हसले. पळपुटा गारपगारी, एकवीस फेऱ्या, पोरंसोरं तिथल्या तिथे गोल धावून दाखवू लागली. सुखराम महाजनानं खेमराजच्या पाठीवर थाप मारली. आणि खेमराज, राख पुसत, जरा खाकरून म्हणाला, "असं हाय तर... मोडलं म्हणालो ते रागात म्हणालो."

ही गोष्ट शालिकरामच्या आधी त्याच्या अकरा गावांत पोचली. पाटलांनी जीप काढून घेतली आणि तिच्यात भुसा वाहायला सुरुवात केली. पुढे कित्येक वर्षं, शालिकराम बाजारात दिसला की कुणीतरी गोल फिरून दाखवायचं आणि तो मुकाट्यानं मिरच्या घ्यायचा. शीलाचं लग्न मात्र वैशाखात झालं, आणि रुख्माबाईनं एकदाही त्याला पळपुटा म्हटलं नाही, दुसऱ्या कुणाला म्हणूही दिलं नाही.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी तेजराम बालाघाटला पेट्रोल आणायला गेला आणि दोघं व्याही खेमराजच्या ओसरीवर बसले. वर छप्पर नव्हतं, आभाळ स्वच्छ झालं होतं. खेमराजची बायको फुटके कवेलू आणि गारा एकाच सुपात भरून बाहेर फेकत होती आणि नवऱ्याकडे बघतही नव्हती. तिनं चहा आणून आदळला. खेमराजनं ती आत जाईपर्यंत वाट पाहिली, मग पुढे सरकून हळूच विचारलं, "इवाई, एक सांगा. ढग अंगावर येते ना, तवा तुमी त्याच्याकडं पाहता?"

शालिकरामनं कप खाली ठेवला. हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. विचारू शकेल असा माणूसच भेटला नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "डोळे मिटून घेतो. आणि उघडायची हिंमत होत नाही."

"मंग थांबते?"

"कधी थांबते. काहून थांबते, मले नाही समजत."

खेमराजनं मोठा श्वास सोडला आणि भिंतीला पाठ टेकली. इतका सैल झालेला माणूस शालिकरामनं क्वचितच पाहिला असेल.

"मले वाटे," खेमराज म्हणाला, "मीच एकटा हावो."